मनसेला महापालिकेत किती जागा मिळतील, हा हिशेब नेमका मांडायचा कसा?

पर्वती_पायथा

जानेवारी २०२६ च्या निकालांनंतर पुन्हा तीच चर्चा सुरू झाली आहे: सभांना गर्दी होती, मुद्दा तापला होता, मग जागा का नाहीत? मला यात भाषणं किंवा नेत्याचा करिष्मा यापेक्षा हिशेबाच्या बाजूने उत्तर हवं आहे. एका नेत्याभोवती आणि एका भावनिक मुद्द्याभोवती उभा राहिलेला पक्ष महापालिकेत कधी चालतो आणि कधी आपटतो, हे आधी सांगता येतं का?

हाताशी असलेले आकडे:

मुंबई: २००७ ला ७, २०१२ ला २८, २०१७ ला ७, आणि २०२६ ला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेबरोबर युतीत लढून ६ (एकूण जागा २२७).
नाशिक: २०१२ ला १२२ पैकी ४०, २०१७ ला ५.
पुणे: २०१२ ला १५२ पैकी २९, २०१७ ला १६२ पैकी २.
कल्याण-डोंबिवली: २०१० ला १०७ पैकी २७, २०१५ ला १२२ पैकी ९.

नेहमीचं उत्तर "हवा गेली" असं असतं. ते खरंच आहे. २००९ च्या विधानसभेत १३ आमदार होते, २०१४ ला एकच उरला. पण हवा सगळीकडे सारखीच गेली असेल, तर पडझड इतकी वेगवेगळी का? कल्याण-डोंबिवलीत एक तृतीयांश जागा टिकल्या, पुण्यात जेमतेम पंधरावा हिस्सा टिकला. ज्यांनी प्रभागनिहाय निकाल बसून पाहिले आहेत त्यांनी कृपया लिहावं. पक्षावर प्रेम किंवा राग असलेल्यांसाठी दुसरे धागे आहेत.

---

नकाशावाला

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तराचा मोठा भाग आहे, फक्त त्यांच्या शेजारी एक रकाना वाढवा: एका प्रभागात किती नगरसेवक.

मुंबईत प्रभाग कायम एकसदस्यीय. कल्याण-डोंबिवलीत २०१० आणि २०१५, दोन्ही वेळा एकसदस्यीय. नाशिक आणि पुण्यात २०१२ ला द्विसदस्यीय आणि २०१७ ला चार सदस्यांचा प्रभाग. आता टिकलेल्या जागांचं प्रमाण बघा. जिथे प्रभाग एकाचाच राहिला, तिथे २८ पैकी ७ म्हणजे चौथा हिस्सा आणि २७ पैकी ९ म्हणजे तिसरा हिस्सा टिकला. जिथे दोनाचे चार झाले, तिथे नाशिकमध्ये आठवा हिस्सा आणि पुण्यात पंधरावा. हवा चारही शहरांत गेली. दोन शहरांत हवेबरोबर प्रभागाचा आकारही बदलला.

असं का होतं, ते नाशिकच्या मापाने समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. १२२ जागांनी भागली तर एका जागेमागे साधारण १२,२०० लोक. द्विसदस्यीय प्रभाग म्हणजे २४,४०० लोक, चौघांचा प्रभाग म्हणजे ४८,७०० लोक. (२०१७ ला नाशिकमध्ये ३१ प्रभाग होते, त्यांतले दोन प्रभाग प्रत्येकी तीन सदस्यांचे. पुण्यात ४१ प्रभाग आणि तिथेही दोन प्रभाग प्रत्येकी तीन सदस्यांचे.)

आता एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहाराला धरून असलेला पट्टा घ्या. शाखा जोरात चालते अशी दोन-तीन नगरं, मिळून १२,२०० वस्ती. त्यात ९,००० मतदार, ६० टक्के मतदान धरलं तर ५,४०० मतं पडतात. पक्षाला यात ५५ टक्के मिळतात असं समजा, म्हणजे २,९७०. लगतच्या तेवढ्याच पट्ट्यात १५ टक्के, म्हणजे ८१०. त्याच्या पलीकडच्या दोन पट्ट्यांत, जिथे शाखा नावालाच आहे, ८ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून ८६४.

एकसदस्यीय प्रभाग असेल तर २,९७० मतं, ५५ टक्के, आरामात विजय.
द्विसदस्यीय असेल तर १०,८०० पैकी ३,७८०, म्हणजे ३५ टक्के. तिरंगी-चौरंगी लढतीत हा विजयाचा आकडा आहे.
चार सदस्यांचा असेल तर २१,६०० पैकी ४,६४४, म्हणजे साडेएकवीस टक्के. तिसरा क्रमांक.

मतदार तेच, शाखा तीच, कार्यकर्ते तेच. फक्त रेषा लांब गेली. मनसेची मतं अशीच बेटाबेटांनी आहेत: एखाद्या शाखाध्यक्षाने दहा वर्षं पाणी, ड्रेनेज, शाळाप्रवेश, रुग्णालयाचं बिल यासाठी धावपळ केली ते बेट, आणि त्याच्या बाहेर नुसती सदिच्छा. सदिच्छेचं मत ८-१० टक्क्यांच्या वर जात नाही. प्रभाग बेटाएवढा असेल तर जागा येते, चौपट झाला की बेट बुडतं.

मुंबईचा अपवाद नीट समजून घ्या. तिथे प्रभाग एकसदस्यीय असला तरी जनगणनेच्या हिशेबाने एका प्रभागात सुमारे ५४,८०० लोक येतात, म्हणजे नाशिकच्या चौघांच्या प्रभागापेक्षाही मोठा. तरीही दादर-माहीम, शिवडी, भांडुप, विक्रोळी अशा भागांत बेटंच मोठी आहेत, कारण मराठी वस्ती सलग आहे. २०१२ ला दादर-माहीम पट्ट्यात इंजिन धावलं त्याचं कारण तेच.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चौघांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी वेगवेगळं मत द्यावं लागतं. चार बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. नको असेल तर त्या जागेचं "वरीलपैकी कोणीही नाही" दाबायचं. मनसेचा एकच उमेदवार ओळखीचा असेल तर मतदार त्याला एक मत देतो आणि उरलेली तीन मतं त्याच्या हातात शिल्लक राहतात. ती तीन मतं ज्याचं पूर्ण पॅनेल (चारही जागांचे उमेदवार) दिसतं, त्याच्याकडे जातात. म्हणजे तुमचाच मतदार समोरच्याचे तीन नगरसेवक निवडून देतो.

---

गोदाघाट

नकाशावाल्यांचं गणित बरोबर आहे, पण नाशिकची पडझड त्या गणिताने पूर्ण समजत नाही. इथे पक्ष सत्तेत होता. बाकी तीन शहरांत नव्हता. हा फरक बाजूला ठेवून तुलना करणं मला पटत नाही.

क्रम असा. २००९ ला शहरातल्या पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा मनसेकडे आल्या: उत्तमराव ढिकले, वसंत गिते, नितीन भोसले. त्या पायावर २०१२ चे ४० नगरसेवक. बहुमताला ६२ लागतात, म्हणजे २२ कमी. भाजपच्या पाठिंब्यावर यतीन वाघ महापौर झाले. महापौरपद अडीच वर्षांचं. २०१४ च्या सप्टेंबरात दुसरी फेरी आली तोवर भाजप बाजूला झाला होता, आणि अशोक मुर्तडक महापौर झाले ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या मदतीने. एकाच मुदतीत दोन विरुद्ध टोकांच्या आधारावर खुर्ची टिकवावी लागली. लगेच पुढच्या महिन्यात विधानसभेत तिन्ही जागा भाजपने घेतल्या. मग गितेंसारखा माणूस पक्ष सोडून गेला. २०१७ च्या आधी नगरसेवकांची रांगच लागली. ४० पैकी निम्म्याहून अधिक शिवसेना किंवा भाजपमध्ये गेले होते. म्हणजे नकाशावाले ज्याला बेट म्हणतात, ते बेटच उचलून दुसऱ्या पक्षात गेलं. प्रभाग द्विसदस्यीय राहिला असता तरी ती मतं इंजिनाला मिळणार नव्हती.

दुसरा भाग पैशाचा. महापालिकेचं मोठं उत्पन्न जकातीचं होतं. २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, आणि ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांची एलबीटीही गेली. त्यानंतर महापालिका सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. त्यातच २०१५ चा सिंहस्थ. निधी आला तो साधुग्राम, घाट आणि बाहेरच्या रस्त्यांकडे वळला. प्रभागातली गटार, पथदीप, उद्यानं यांसाठी नगरसेवकाच्या हातात जे द्यायचं, ते कमी पडलं. बॉटनिकल गार्डन, शस्त्रसंग्रहालय, वाहतूक उद्यान हे प्रकल्प डोळ्यांत भरणारे होते आणि त्यांतले काही खासगी कंपन्यांच्या सामाजिक निधीतून झाले, म्हणजे महापालिकेच्या तिजोरीला तोशीस नाही. कल्पना चांगली होती. पण बहुतेक कामं शेवटच्या वर्ष-दीड वर्षात दिसायला लागली. शिवाय उद्यान शहराचं असतं, गटार प्रभागाचं. मत प्रभागात पडतं.

आणि हे लक्षात ठेवा की महापालिकेत कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. "एकदा सत्ता द्या, शहर बदलून दाखवतो" असं आश्वासन देणारा पक्ष राज्यात सत्तेत नसेल, तर त्याने मागितलेला अधिकार महापौराच्या खुर्चीत मिळतच नाही. स्थायी समितीचे १६ सदस्य पक्षबळाच्या प्रमाणात जातात. १२२ ला १६ ने भागा, साडेसात नगरसेवकांमागे एक जागा. ४० नगरसेवकांवर पाच जागा मिळतात, सोळात पाच. निविदा मंजूर करायची तर प्रत्येक वेळी चार मतं बाहेरून आणायची. ती फुकट येत नाहीत.

---

उधना_जंक्शन

सुरतेतून लिहितोय. इथल्या महापालिकेतही चौघांचेच प्रभाग आहेत, त्यामुळे नकाशावाल्यांचा मुद्दा दुसऱ्या पक्षावर तपासून बघता येतो.

फेब्रुवारी २०२१. सुरतेत ३० प्रभाग, १२० जागा. आम आदमी पक्षाला (आप) २७, भाजपला ९३, काँग्रेसला शून्य. त्याच वर्षी ऑक्टोबरात गांधीनगर: ११ प्रभाग, ४४ जागा. भाजप ४१, काँग्रेस २, आप १. गांधीनगरात आम आदमी पक्षाला २१ टक्क्यांच्या वर मतं होती. एकवीस टक्के मतं आणि एक जागा!

फरक मतांच्या बेरजेचा नाही, मांडणीचा आहे. सुरतेत पाटीदार आंदोलनाचा रोष वराछा, कापोद्रा, पुणागाम, कतारगाम या सलग पट्ट्यात साचला होता. काँग्रेसने उमेदवारीत त्या गटाला दुखावलं आणि अख्खा पट्टा आपकडे सरकला. तिथे चारच्या चार उमेदवारांची अख्खी पॅनेल निवडून आली. म्हणजे मतं सलग आणि गच्च असतील तर चौघांचा प्रभाग लहान पक्षाला मारत नाही, उलट चार-चार जागा देऊन जातो. लिंबायत, उधना, डिंडोली या आमच्या खानदेशी वस्तीच्या भागात तो रोष नव्हताच, तिथे भाजप बळकट राहिला. गांधीनगरात आपची मतं सेक्टरांमध्ये आणि नव्याने जोडलेल्या गावांमध्ये पसरलेली होती, कुठेच पहिल्या क्रमांकाएवढी जमा झाली नाहीत.

म्हणून "पॅनेल पद्धत लहान पक्षाच्या विरोधात" हे सरसकट म्हणू नका. ती पसरलेल्या मतांच्या विरोधात आहे.

गोदाघाटांच्या मुद्द्यालाही इथला पुरावा आहे: २७ पैकी दहापेक्षा जास्त नगरसेवक २०२२-२३ मध्ये भाजपमध्ये गेले.

आणि विधानसभेच्या लाटेवरून महापालिकेचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी दिल्ली. फेब्रुवारी २०१५ ला ७० पैकी ६७ आमदार, ५४ टक्के मतं. एप्रिल २०१७ ला महापालिकेच्या २७० पैकी पन्नासच्याही आत जागा, २६ टक्के मतं. शहर तेच, मध्ये फक्त दोन वर्षं. भाजपने तेव्हा आपल्या एकाही विद्यमान नगरसेवकाला तिकीट दिलं नाही, त्यामुळे वॉर्डातल्या कारभाराचा राग ज्याच्यावर काढायचा तो माणूसच यंत्रावर नव्हता.

---

छाननी_दुपारी_तीन

उमेदवारीबद्दल थोडक्यात, कारण अशा पक्षांच्या बऱ्याच जागा मतदानाच्या आधीच जातात.

चौघांच्या प्रभागात किमान दोन महिला, एखादी अनुसूचित जाती किंवा जमातीची जागा, एक ओबीसी. शाखेची बांधणी पुरुष शाखाध्यक्षांची असेल तर निम्म्या जागांवर घरातली बाई उभी करायची वेळ येते आणि मतदाराला ते कळतं. महिला आघाडी पाच वर्षं स्वतंत्रपणे चालवली असेल तरच ही निम्मी जागा खरी लढवली जाते.

आरक्षित जागेला जातवैधता प्रमाणपत्र लागतं. निवडून आल्यावर ते मुदतीत सादर झालं नाही तर पद जातं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उमेदवार अपात्र. महापालिकेची थकबाकी असेल तर अडचण. मोठ्या पक्षाकडे हे तपासायला वकील बसलेला असतो. छोट्या पक्षात यादी शेवटच्या रात्री ठरते, कारण इतर पक्षांतून नाराज कोण येतो याची वाट बघितली जाते. मग एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं सांगणारे पक्षाचे कागद) शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या आत टेबलावर पोचवण्याची धावाधाव. बी फॉर्मवर प्रभाग क्रमांक आणि जागेचं अक्षर चुकलं की पक्षाचं चिन्ह गेलं, माणूस अपक्ष.

शेवटच्या रात्री आलेला नाराज बरोबर मतं आणतो हे खरं. पण निकालानंतर पहिला तोच जातो.

---

पर्वती_पायथा

सगळ्यांचे आभार, यातून खूप सुटलं. आता दोन नेमके प्रश्न.

१. एखाद्या प्रभागात पक्षाची स्वतःची मतं किती आणि उमेदवाराची किती, हे वेगळं काढता येतं का?

२. मतविभागणी. २०१२ आणि २०१७ ला "मनसेमुळे सेनेच्या इतक्या जागा पडल्या" अशा याद्या फिरत होत्या, आणि युती झाल्यावर त्याच याद्या उलट्या वाचून जागांचे अंदाज दिले गेले. ही बेरीज कितपत धरायची?

---

नकाशावाला

पहिल्या प्रश्नाला चौघांचा प्रभाग उलट उपयोगी पडतो. एकाच प्रभागात, त्याच मतदारांनी, त्याच दिवशी एकाच पक्षाच्या चार उमेदवारांना मतं दिलेली असतात. राज्य निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकातून प्रभागाचे अ, ब, क, ड चारही तक्ते काढा आणि त्या पक्षाची चार मतं एका ओळीत लिहा. समजा २,१००, २,३००, २,२५० आणि ५,४००. सगळ्यात कमी असलेला आकडा, २,१००, हा पक्षाच्या चिन्हाचा तळ. ५,४०० वाल्याकडची वरची ३,३०० मतं त्याची स्वतःची. तो माणूस गेला तर २,१०० उरतील, त्यापेक्षा जास्तीची आशा ठेवू नका.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक, एखाद्या जागेवर समोर फार तगडा किंवा फार दुबळा उमेदवार असेल तर तळ खोटा दिसतो, म्हणून समोरच्यांचे आकडेही बघायचे. दुसरं, चारपैकी तीनच जागा लढवल्या असतील तर चौथ्या जागेची मतं कुणाकडे गेली ते पाहिलं की पक्षाचा मतदार दुसऱ्या पसंतीला कुठे वळतो ते कळतं. ही माहिती युतीच्या काळात सोन्यासारखी आहे आणि कोणीच काढत नाही.

वर्तमानपत्रात "पक्षाला इतकी लाख मतं" असा आकडा येतो तेव्हा तो चारही जागांची बेरीज असतो. विधानसभेच्या मतांशी तुलना करायची तर आधी चाराने भागा. २०१७ नंतर पुण्याबद्दल काढलेले कितीतरी निष्कर्ष याच चुकीवर उभे होते.

प्रभागाचा अंदाज काढण्याची पद्धत साधारण अशी. आधी प्रभागाची अंतिम मतदार यादी घ्या. ती विधानसभेच्या यादीचीच फोड असते, त्यामुळे प्रत्येक पानावर यादी भाग क्रमांक सापडतो. विधानसभेचा नमुना २० हा केंद्रनिहाय निकाल असतो. यादी भागावरून कुठलं केंद्र कुठल्या प्रभागात पडतं त्याची जुळणी करा. हे काम किचकट आहे. एक भाग दोन प्रभागांत कापला गेलेला असतो, सोसायटीच्या दोन इमारती रस्त्यापलीकडच्या प्रभागात टाकलेल्या असतात, आणि हरकतींची मुदत आठवडाभरात संपते. जुळणी झाली की केंद्रं उतरत्या क्रमाने लावा. वरची पाच-सहा केंद्रं एकमेकांना लागून आहेत का, हे नकाशावर बघा. लागून असतील तर बेट आहे. विखुरलेली असतील तर जागा येणार नाही, टक्केवारी कितीही बरी दिसो.

मग मतदानाचा टक्का. मुंबईत २०१२ ला सुमारे ४५ टक्के मतदान झालं आणि २०१७ ला ५५ च्या आसपास. बांधीव शाखा असलेल्या पक्षाला कमी मतदान सोयीचं असतं, कारण आपली माणसं तर बाहेर पडलेलीच असतात. वाढलेले दहा टक्के हे बहुतेक शाखेशी संबंध नसलेले मतदार. ते २०१७ ला इंजिनाकडे आले नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ती बेरीज धरायची नाही. एका प्रभागात विजेता ९,०००, सेना ८,२००, मनसे २,४०० असं चित्र असेल तर यादी करणारा म्हणतो, मनसेमुळे सेना पडली. बेरीज १०,६००. पण मनसेच्या २,४०० मधले निम्मे सेनेकडे, चौथा हिस्सा भाजपकडे आणि चौथा हिस्सा घरी बसला असं धरलं, तर सेना ९,४०० आणि विजेता, तो भाजपचा असेल तर, ९,६००. तरीही पराभव. किती टक्के मतं वळतात हा आकडा प्रभागागणिक बदलतो. फरक तिसऱ्या पक्षाच्या मतांच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तरच ती जागा "विभागणीने गेली" म्हणावी, आणि तेही विजेता कोण आहे ते पाहूनच. यादी एकदा या चाळणीतून काढली की बरीच आखूड होते.

---

गोदाघाट

विभागणीबद्दल सहमत. युतीबद्दल एक भर घालतो. ५ जुलै २०२५ चा वरळीचा मेळावा आणि त्यानंतरची युती यांमुळे मराठी मतं एका जागी येतील असं धरलं गेलं. पण मनसे आणि ठाकरेंची सेना यांची बेटं एकमेकांवरच आहेत: दादर, लालबाग, भांडुप, विक्रोळी. जागावाटपात अशा प्रत्येक ठिकाणी एकाच पक्षाला जागा मिळते आणि दुसऱ्याचा पाच वर्षं राबलेला शाखाध्यक्ष रिकामा राहतो. तो एकतर अपक्ष उभा राहतो, किंवा पलीकडे जातो, किंवा स्लिपा वाटायला बाहेर पडत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त घडतो आणि कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. मुंबईत ठाकरेंच्या सेनेला ६५ आणि मनसेला ६ हे आकडे बघताना कुणाच्या वाट्याला कुठले प्रभाग आले ते आधी बघा. लहान भागीदाराला सहसा मोठ्याला नको असलेले प्रभाग मिळतात.

उधनाकरांनी नगरसेवक जाण्याचा मुद्दा काढला, त्याची इथली बाजू सांगतो, कारण ती अंदाजात धरावीच लागते. महाराष्ट्रात १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. निवडून आल्यावर विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी होते. पुढे पक्ष सोडायचा आणि पद वाचवायचं, तर दोन तृतीयांश सदस्य एकत्र निघून विलीन व्हावे लागतात. गट ४० चा असेल तर २७ माणसं एकत्र आणावी लागतात, ते अवघड. गट सातचा असेल तर पाच पुरतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईत सातपैकी सहा जण शिवसेनेत गेले ते याच हिशेबाने. मुदत संपायला काही महिने उरले की हा कायदाही निरुपयोगी ठरतो, कारण अर्जाचा निकाल लागायच्या आत पुढची निवडणूक येते.

म्हणून मी जागांचा अंदाज मागणाऱ्यांना विचारतो: दहाच्या आतला गट असेल तर निकालाच्या दिवसाचा आकडा हवा आहे की वर्षभरानंतरचा?

---

छाननी_दुपारी_तीन

गोदाघाट, याच कारणाने लहान पक्षाने गटनेता निवडताना सगळ्यात जुना, स्वतःच्या शाखेतून वर आलेला नगरसेवक घ्यावा, ऐनवेळी आलेला मोठ्या मतांचा नव्हे. पक्षादेश (व्हिप) गटनेत्यामार्फत बजावला जातो. पक्षादेश लेखी दिल्याचा आणि तो मिळाल्याच्या सहीचा कागद नसेल तर अनर्हतेचा अर्ज टिकत नाही. महापौर निवडीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या घरी पोच घेऊन आदेश द्यायचा, घर बंद असेल तर दारावर लावून पंचनामा करायचा आणि छायाचित्र काढून ठेवायचं. एवढी तयारी ठेवणारे लहान गट फार थोडे दिसतात, आणि पर्वती_पायथा, तुमच्या पहिल्या यादीतल्या आकड्यांपैकी मुदत संपताना त्या पक्षाकडे किती उरले हा रकाना जोडला तर चित्र अजून स्पष्ट होईल. तो विभागीय आयुक्तालयाच्या गटनोंदणीच्या कागदांवरून भरता येतो, माहिती अधिकारात मागा.

---

पर्वती_पायथा

पुणे आणि नाशिक दोन्हीसाठी अर्ज टाकतो. २०१७ चे अ-ब-क-ड तक्तेही उतरवून घेतो आहे. पुण्याचे ४१ प्रभाग झाले की तळ आणि उमेदवाराची मतं असे दोन रकाने करून इथेच टाकेन. नकाशावाले, यादी भागांच्या जुळणीत कापलेले भाग कसे वाटायचे?

---

नकाशावाला

भाग कापलेला असेल तर प्रभाग यादीत त्या भागातले किती मतदार कुठल्या बाजूला गेले ते मोजा आणि केंद्राची मतं त्याच प्रमाणात वाटा. पण त्या भागात झोपडपट्टी आणि सोसायटी दोन्ही असतील तर हे प्रमाण चुकीचं ठरतं, कारण दोघांचं मतदान वेगळं असतं. असे भाग वेगळ्या रंगाने दाखवा आणि बेट मोजताना धरू नका. पुण्यात अशी केंद्रं पर्वती आणि शिवाजीनगर मतदारसंघांत जास्त सापडतील, तिथून सुरुवात करा.